करीची तेरा वर्षांची केटी

अमेरिकेत, शार्लट शहरात दादाकडे जाऊन आठवडा झाला होता. दादा म्हणजे मावसभाऊ. मॉल, देऊळ, त्याच्या मित्रांकडची जेवणं असा ठरलेला फेरा आटोपल्यावर म्हटलं, आता मला डेव्हिडसनला ने. "तिथे काय आहे?" वहिनीने विचारलं. ती इथे अकरा वर्षं राहते!

शाळेत असताना मी बास्केटबॉल खेळायचे, रिंगला जाळी नसलेल्या कोर्टवर. त्यामुळे एनबीए या अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधला थ्री-पॉइंटरचा, म्हणजे लांबून मारलेल्या तीन गुणांच्या बास्केटचा, बादशहा स्टेफन करी याचं कॉलेज इतक्या जवळ असताना न बघता परतणं जमणारं नव्हतं.

आय-७७ हायवेवरून उत्तरेला अर्धा तास, मग एक्झिट ३०. करीच्या जर्सीचाही नंबर ३०. इथे एक्झिटला मैलांचे आकडे असतात, तेव्हा हा योगायोगच. मी फोन काढेपर्यंत पाटी मागे गेलीसुद्धा.

गाव म्हणजे एक मेन स्ट्रीट आणि पलीकडे लाल विटांचं कॉलेज. प्रेस्बिटेरियन मंडळींनी १८३७ मध्ये काढलेलं, खाजगी, विद्यार्थी जेमतेम दोन हजार. आपल्याकडे एखाद्या बऱ्या ज्युनिअर कॉलेजात याहून जास्त असतील. फायनल परीक्षेला इथे सुपरवायझर नसतो, कुठला पेपर कधी द्यायचा तेही मुलं ठरवतात. २०१५ पर्यंत कॉलेज मुलांचे कपडेही धुऊन द्यायचं. हे ऐकल्यावर वहिनी म्हणाली, "मग नेम लागणारच! धुणं नसेल तर मीपण मारीन थ्री-पॉइंटर."

करीचे वडील डेल एनबीएत खेळलेले, तरी मोठ्या कॉलेजांना हा काडीपैलवान नको होता. वडिलांच्या कॉलेजने, व्हर्जिनिया टेकनेही स्कॉलरशिप दिली नाही. २००६ मध्ये तो इथे आला. २००८ च्या एनसीएए या कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत गोंझागाविरुद्ध ४० गुण, जॉर्जटाउनविरुद्ध १७ गुणांची पिछाडी भरून काढत ३०, विस्कॉन्सिनविरुद्ध ३३. विस्कॉन्सिनची मॅच डेट्रॉईटला होती, तर कॉलेजच्या विश्वस्तांनी मुलांच्या बसचा, हॉटेलचा आणि तिकिटांचा खर्च उचलला. पुढच्या मॅचला कॅन्ससकडून ५९-५७ अशी हार. शेवटच्या क्षणाचा थ्री-पॉइंटर जेसन रिचर्ड्सने मारला, तो हुकला.

मला मात्र त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातली लोयोला कॉलेजविरुद्धची मॅच जास्त आवडते. त्यांच्या कोचने करीच्या अंगावर दोन-दोन खेळाडू लावले. करी काय करतो, तर कोपऱ्यात जाऊन उभा राहतो. ते दोघेही तिथेच त्याच्यापाशी. उरलेले चार विरुद्ध तीन खेळले आणि डेव्हिडसन ३० गुणांनी जिंकलं. करीचे गुण शून्य.

बेल्क अरीनाचं, म्हणजे कॉलेजच्या बास्केटबॉल स्टेडियमचं, दार उघडं होतं. आत फक्त एक काका लांबलचक मॉप ढकलत होते, आम्हाला बघून मान हलवली आणि कामाला लागले. कोर्टला बॉब मॅकिलॉपचं नाव आहे. १९८९ ते २०२२ अशी तेहतीस वर्षं हेच कोच. मी साइडलाइनच्या अलीकडेच थांबले. धुतलेल्या लाकडावर चपला घालून जायचा धीर होईना.

वर, सन्मान म्हणून टांगलेली करीची ३० नंबरची जर्सी. ती तिथे लागली ३१ ऑगस्ट २०२२ ला. करी २००९ मध्येच डिग्री न घेता एनबीएत गेला होता आणि कॉलेजचा नियम असा, की पदवी घेतल्याशिवाय जर्सी टांगायची नाही. तोवर त्याच्या नावावर एनबीएची तीन विजेतेपदं जमा झाली, पण नियम वाकला नाही. शेवटी त्याने २०२२ मध्ये समाजशास्त्राची पदवी पूर्ण केली. त्याच ऑगस्टच्या समारंभात गाऊन घालून पदवी घेतली आणि जर्सी वर गेली. तेरा वर्षांची केटी, असं मी दादाला सांगितलं.

दादा हसला नाही. वर बघत राहिला. बी.ई. झाल्यावर हौसेने लावलेल्या मराठीच्या एम.ए.चे त्याचे दोन पेपर राहिलेत, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, पण कुणी विषय काढत नाही.

परतताना गाडीत बराच वेळ गप्प होता. हायवेला लागल्यावर म्हणाला, "अगं, विद्यापीठात इतक्या वर्षांनी फॉर्म भरता येतो का, बघशील?"

"आधी पुढे बघ," वहिनी म्हणाली.