ठेवी आमच्या, कर्जे कोणाची?

आमच्या राजापूर तालुक्यात बँकेचा विषय निघाला की बोलणे बहुधा ठेवीपाशीच घोटाळते. मुदत ठेवीवर सध्या किती टक्के मिळतात, ज्येष्ठांना थोडे अधिक मिळतात का आणि पैसे बुडणार तर नाहीत ना, एवढ्यावर चर्चा आटोपते. त्या ठेवींचे पुढे काय होते, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणाच्या तोंडून ऐकू येतो. बँकांविषयीच्या आपल्या रागालोभातली मोठी उणीव, माझ्या मते, हीच आहे.

कोकणाने कित्येक वर्षे मुंबईच्या मनिऑर्डरीवर घर चालवले. गिरणीतून आलेल्या पैशातून घरखर्च, गणपती आणि घराची शाकारणी भागवून जे काही उरे, ते जपून ठेवण्याकडेच कल असे. 1969 च्या जुलैत 14 बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, त्यानंतर ग्रामीण भागात शाखा वाढत गेल्या आणि लोकांनी त्या पैसे ठेवण्याची खात्रीची जागा म्हणून स्वीकारल्या. आमच्या शेजारचे एक निवृत्त गिरणी कामगार आपल्या ठेवपावत्या, विम्याचे कागद आणि सातबारा एकाच प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवीत आणि "आयुष्यात कधी कर्ज काढलं नाही, नि कोणाला जामीनही राहिलो नाही," हे पदवी मिळाल्याच्या थाटात सांगत. कर्ज म्हणजे बेअब्रू, ही समजूत त्यांच्या नातवंडांतही पुष्कळ प्रमाणात टिकून आहे.

सुरक्षिततेची काळजी निराधार नाही. सप्टेंबर 2019 मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले आणि सुरुवातीला खातेदारांना हजार रुपयांपलीकडे रक्कम काढता येईना, तेव्हा चाकरमान्यांच्या फोनवरून ती धास्ती गावोगावी पोहोचली. पुढे फेब्रुवारी 2020 पासून ठेवविम्याची मर्यादा एका लाखावरून पाच लाख रुपये झाली. ही मर्यादा एका बँकेतील एका ठेवीदाराच्या सर्व शाखांतील रकमेला, व्याज धरून, मिळून लागू होते. तरीही एकाच बँकेच्या दोन शाखांत पैसे विभागून निर्धास्त झालेली माणसे मला भेटतात. पतपेढीला तर हे विमासंरक्षण मुळीच नाही आणि गावात अर्धा टक्का जास्त व्याजासाठी रांग लागते ती नेमकी तिथेच.

आता दुसरी बाजू. आंब्याच्या बागायतदाराला मोहोर येण्याआधीपासून फवारणी, मजुरी, राखण आणि पेट्या यांसाठी हातात पैसा लागतो. किसान क्रेडिट कार्डावर तीन लाखांपर्यंतचे अल्पमुदतीचे पीककर्ज 7 टक्क्यांनी मिळते आणि वेळेत फेडल्यास सवलतीनंतर ते 4 टक्क्यांवर येते. तरीही अनेक जण वाशीच्या दलालाकडून उचल घेतात. उचल एका फोनवर मिळते, कागद लागत नाहीत. मात्र माल त्याच्याकडेच पाठवावा लागतो आणि भाव कोणता लागला हे मागाहून कळते. हा व्यवहार महाग पडतो, हे बागायतदार जाणतो. तरी तो बँकेची पायरी चढत नाही याचे कारण त्याच्या सातबाऱ्यावर आहे. त्यावर पणजोबांचे नाव अजून तसेच असते, दोन चुलत्यांचे वारस बोरिवलीत आणि एक आत्या बडोद्याला. मोठ्या कर्जासाठी जमीन तारण द्यायची तर या सगळ्यांच्या सह्या जमवाव्या लागतात. शाखाधिकारी परप्रांतातून आलेला, दोन-तीन वर्षांत बदलून जाणारा. कोणाची कलमे खरोखर धरतात हे त्याला ठाऊक होईपर्यंत त्याची बदली होते. मग तोही सोने तारण घेऊन देता येणाऱ्या कर्जावर समाधान मानतो.

अशा रीतीने जमा झालेला पैसा कर्ज मागणारे जिथे असतील तिथे जातो. यात चोरी नाही. पुण्याच्या ज्या कारखान्याला तो मिळतो, त्यात आमचीच मुले नोकरीला असतात आणि परतफेडीची खात्री नसताना कर्ज वाटल्यास नुकसान शेवटी ठेवीदाराचेच होते. पण ग्रामीण व निमशहरी शाखांनी ठेवींच्या निदान 60 टक्के कर्जे द्यावीत, अशी रिझर्व्ह बँकेची अपेक्षा आहे आणि ज्या जिल्ह्यात हे प्रमाण 40 टक्क्यांखाली जाते, तिथे कारणे शोधण्यासाठी विशेष उपसमिती नेमावी लागते. म्हणजे प्रश्न सरकारदरबारी मान्य झालेला आहे. फक्त तो विचारणारा ठेवीदार दिसत नाही.

जिल्हावार ठेवी आणि कर्जे यांचे आकडे रिझर्व्ह बँक दर तिमाहीला प्रसिद्ध करते. हंगामात देवगड हापूसच्या पेटीचा भाव आमची वृत्तपत्रे रोज छापतात. वर्षातून चार वेळा त्याच्या शेजारी हा एक आकडा छापायला फारशी जागा लागणार नाही.