रिकामे कान

गोव्यातल्या जुन्या घरांत गणपतीच्या खोलीत वर आढ्याला लोखंडी कड्या असतात. चवथीला त्यांना माटोळीची लाकडी चौकट बांधायची, तिच्यावर नारळ, सुपारीचे घोस, तवशी (काकड्या) नि रानातली फळं लटकवायची. एरवी वर्षभर कड्या रिकाम्याच. घरच्यांना त्याचं काही वाटत नाही, पाहुणा मात्र मान वर करून विचारतो, ‘ही कडी कशाला?’ मोटरसायकलचं साइडकव्हर उघडलं की आपणही तसेच पाहुणे होतो. चेसिसच्या पाइपला वेल्ड केलेले, भोक पाडलेले पट्टीचे कान चहूकडे दिसतात आणि त्यांतल्या चार-पाचांना काहीच अडकवलेलं नसतं.

पहिली शंका येते ती काहीतरी गळून पडल्याची. बरेच हात फिरलेली गाडी असेल तर ती रास्तच आहे. टॉर्च मारून भोकाकडे बघावं. कारखान्याचा रंग कडेपर्यंत अखंड असेल, आट्यांतही साचलेला असेल, तर तिथे बोल्ट कधी लागलेलाच नाही. वॉशरच्या मापाचं गोल कडं उमटलेलं असेल, आत रंग दबलेला नि कडेने तांबूस गंज, तर तिथलं काहीतरी कुणीतरी काढलंय. मागे डाव्या बाजूला असे कान उघडे असतील तर बहुधा साडीगार्ड गेलेलं असतं. मागच्या चाकाचा निदान निम्मा भाग झाकला पाहिजे असं केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ सांगतो. तरीही गाडी ‘स्मार्ट’ दिसावी म्हणून पहिला पाना तिथेच चालतो. मग मागे बसणाऱ्या बाईचा पदर चाकात जायचा धोका.

रंग अखंड असलेले कान मात्र भावंडांसाठीचे. कंपनी प्रत्येक मॉडेलला वेगळी चेसिस करत बसत नाही. एकाच चेसिसवर ड्रमची आणि डिस्कची, लेगगार्डवाली आणि बिनलेगगार्डची, इथली आणि परदेशी पाठवायची गाडी उभी राहते. कधी कायदाही वाट पाहायला लावतो. पेट्रोलची वाफ धरून ठेवणारा कोळशाचा डबा एप्रिल २०१७ पासून भारत स्टेज ४ या प्रदूषण-नियमांबरोबर सगळीकडे आला, तर १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) एप्रिल २०१९ पासून. त्याआधीच्या गाडीत टाकीखाली एखादी पट्टी उगाच उभी दिसली, तर त्याच मॉडेलच्या नंतरच्या गाडीशी ताडून बघावं. सगळ्यांत खात्रीचा रस्ता म्हणजे पार्ट्स कॅटलॉग. पण चेसिसचं पान उघडून उपयोग नाही, तिथे कान दिसतो, काम दिसत नाही. भावंड मॉडेलची इलेक्ट्रिकल आणि ॲक्सेसरीजची पानं काढावीत आणि दोन भोकांमधलं अंतर मोजून जुळवावं. कानाजवळ वायरिंगला टेपने गुंडाळलेलं रिकामं सॉकेट सापडलं, तर अर्धं उत्तर हातात आलं.

कॅटलॉग नसला तरी पट्टी स्वतः बोलते. दीड-दोन मिलिमीटरचा पत्रा आणि एम-६ चे, म्हणजे सहा मिलिमीटर जाडीच्या बोल्टचे आटे असतील, तर हॉर्न, रिले, वायरिंगची क्लिप असला हलका कारभार. चार-पाच मिलिमीटरची पट्टी, एम-८ किंवा एम-१० चं भोक, पाठीला तिरका आधार आणि तसाच जोडीदार पलीकडच्या बाजूला, म्हणजे वजन पेलायचा कान. आटे नसलेली, दोन्ही बाजूंना बरोबर समोरासमोर असलेली स्वच्छ गोल भोकं पुष्कळदा कारखान्यात चेसिस जिगवर, म्हणजे वेल्डिंगच्या साच्यावर, पकडायला किंवा रंगाच्या हौदात टांगायला ठेवलेली असतात. ती कुठल्याच भावंडासाठी नसतात.

चुकतं ते इथेच. रिकामं भोक दिसलं की म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला जायच्या आदल्या दिवशी क्रेटचं स्टँड त्यालाच ठोकलं जातं. पातळ कान लगेच तुटत नाही. खड्ड्याखड्ड्याला वाकत राहतो आणि वेल्डच्या कडेला केसासारखी चीर पडते. रंगावर नखाने ओढल्यासारखी तांबडी रेघ दिसली की समजावं. मग परत वेल्डिंग, आणि ते करताना बॅटरीच्या दोन्ही वायरी नि ईसीयूचं (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं) सॉकेट काढायला विसरलं तर खर्च कुठल्या कुठे जातो.

एखादा कान खरंच वापरायचा असेल तर आधी आट्यांतला रंग काढावा. एम-६ ला १.० पिचचा (दोन आट्यांत एक मिलिमीटर अंतर असलेला) टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, तेल लावून, अर्धा फेरा पुढे नि पाव फेरा मागे. बोल्ट घुसवून रंग फोडायला गेलं की आटे जातात. दहाच्या पान्याने आवळताना मनगटाचाच जोर द्यावा. दहा न्यूटन-मीटरच्या आसपास पुरे.

वापरायचा नसेल तर मृगाच्या आधी बुजवावा, विशेषतः भोक थेट पाइपात उघडत असेल तर. खारी हवा आणि वर पावसाळा, पाइप आतून कुजतो आणि बाहेरचा रंग शेवटपर्यंत चकचकीत राहतो. बोल्ट दहा-बारा मिलिमीटर लांबीचाच, ग्रीस लावून, वॉशरसकट. लांब बोल्टचं टोक आत वायरिंगला घासतं. मात्र पाइपाच्या आणि मागच्या फोर्कच्या अगदी तळाशी असलेली बिनआट्यांची बारीक भोकं बुजवायची नाहीत. आत गेलेलं पाणी तिथूनच बाहेर येतं. तार घालून त्यांतला चिखल तेवढा काढावा.