घाटात चढलेला काटा

घाटाच्या पायथ्यापर्यंत दोन तास गाडी ७०-८०ने पळत होती, तापमानाचा काटा मध्यावरून हलला नव्हता. चढ लागला, पुढे भरलेला ट्रक आला, दुसऱ्या गिअरवर रांगायची वेळ आली आणि चौथ्या वळणाला काटा लाल पट्टीला टेकायला आला. एसी बंद केला, हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर जोरात, काचा खाली. सगळे घामाघूम झालो, पण काटा जरा उतरला. हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच (इंजिनची उष्णता हवेत सोडणारी जाळी). त्यातून गार हवा यायला लागली तर मात्र कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) कमी आहे किंवा फिरत नाही असं समजून लगेच इंजिन बंद करा.

रुंद जागा बघून थांबलो. टाकीतलं कूलंट किमान रेषेखाली, झाकणाभोवती ओघळ. "गळतंय," मी निकाल देऊन टाकला. पाऊण तासाने, रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) हाताला सोसवेल इतका निवल्यावर, जाड फडकं धरून झाकण हळूहळू सैल केलं आणि पाणी भरलं. इथे घाई नकोच. दाबाखालचं कूलंट १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडलं की दाब जातो आणि ते उसळून थेट तोंडावर येतं.

तीन किलोमीटर गेलो. काटा पुन्हा वर.

आता कुठे डोकं चाललं. सपाटीवर वेगात थंड, चढावर रांगताना गरम. म्हणजे हवा कमी पडतेय! वेगात वारा आपणहून रेडिएटरमधून जातो, रांगताना सगळी मदार पंख्यावर. इंजिन निवू दिलं, मग चालू करून एसी लावला. एसीबरोबर बहुतेक गाड्यांत रेडिएटरचा पंखा फिरतो. आमचा ढिम्म. फ्यूज शाबूत होता, म्हणून फॉग लॅम्पचा त्याच क्रमांकाचा रिले (विजेवर चालणारा स्विच) काढून पंख्याच्या जागी बसवला आणि पंखा घरघरला. (हॉर्नचाही चालला असता, पण घाटात हॉर्नशिवाय वळणं घ्यायची हिंमत नव्हती.) हे करताना हात पात्यांपासून लांब ठेवा. काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही पंखा अचानक सुरू होतो.

थोडक्यात, गळती नव्हतीच. गाडी तापली म्हणून कूलंट उकळून झाकणातून बाहेर पडलं होतं आणि मी नेमकं उलटं धरून बसलो.

तुमचा काटा वेगातच चढत असेल तर पंख्याच्या मागे लागू नका, चोंदलेल्या रेडिएटरचा संशय घ्या. वरचा होज चटके देणारा आणि खालचा गार असेल तर बहुधा थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला वाट देणारी झडप) उघडत नाही. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय आणि एक्झॉस्टमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, असं दोन्ही दिसलं तर हेड गॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधलं सील) गेलेलं असण्याची शक्यता मोठी, मग गाडी टो करूनच न्या. आणि लालवरचा काटा एकदम खाली पडला तर हुश्श करू नका, कूलंट संपून सेन्सर कोरडा पडलेला असू शकतो.

परतल्यावर भरलेलं पाणी काढून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घातलं, रिले नवा बसवला. जुना फोडून पाहिला तर आतले पॉइंट जळून काळे ठिक्कर.