ड्रॉइंगच्या सरांची विक्रांत

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून पाठवा, असं शाळेचं पत्र आलं. पटांगण, स्नेहसंमेलन, दहावीचे निकाल यांबद्दल बाकीचे लिहितीलच. मला ड्रॉइंगच्या सरांबद्दल लिहायचं आहे, आणि त्यांनी आमच्याकडून करून घेतलेल्या कागदी विक्रांतबद्दल.

३१ जानेवारी १९९७ रोजी आयएनएस विक्रांत ही विमानवाहू युद्धनौका भारतीय नौदलातून निवृत्त झाली. आम्ही तेव्हा नववीत. "यंदा प्रदर्शनात ज्वालामुखी नको, विक्रांत करू," असं सरांनी त्याआधीच ठरवून टाकलं होतं. तयार संच कुठला मिळणार! सरांनी मासिकांतले फोटो जमवून आराखडा स्वतः काढला. जहाज २१३ मीटर लांब, अडीच मीटरला एक सेंटिमीटर, म्हणजे आपलं जहाज साधारण ८५ सेंटिमीटर. हे गणित त्यांनी आमच्याकडून फळ्यावर करून घेतलं. आधी पुठ्ठ्याच्या फासळ्या एकमेकींत अडकवायच्या, मग वरून कार्डशीट चढवायचं. घडीच्या रेषेवर संपलेली रिफिल दाबून फिरवायची, म्हणजे घडी सरळ बसते. कापलेल्या कडेला पांढरा कागद दिसता कामा नये, म्हणून चिकटवण्याआधी प्रत्येक कडेवरून राखाडी रंगाचा ब्रश फिरवायचा. यात सर कुणालाही सूट देत नसत.

हे सगळं चालू असताना सर इतिहास सांगायचे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने हे जहाज 'हर्क्युलिस' नावाने बांधायला घेतलं. १९४५ मध्ये ते पाण्यात उतरलं, पण युद्ध संपलं आणि काम थांबलं. भारताने १९५७ मध्ये ते अर्धवट जहाज विकत घेतलं, बेलफास्टला पुरं करून घेतलं, आणि ४ मार्च १९६१ रोजी विजयालक्ष्मी पंडित यांच्या हस्ते ते 'विक्रांत' म्हणून नौदलात दाखल झालं. काम रखडलं म्हणूनच जेट विमानांना लागणारी तिरपी धावपट्टी आणि विमान जोरात पुढे फेकणारा वाफेचा कॅटापल्ट बांधतानाच बसवता आला, ही गोष्ट सरांना फार महत्त्वाची वाटे. वर्तमानपत्रातल्या फोटोत विक्रांतचं नाक वर उचललेलं होतं. तसंच करू, असा आमचा हट्ट होता. सर म्हणाले, "तो चढ ऐंशीच्या दशकात सी हॅरियर विमानांसाठी बसवला. आपली विक्रांत १९७१ च्या पाकिस्तान युद्धातली आहे. नाक सपाटच राहील."

एका रविवारी डेक चिकटवायचा होता. फेव्हिकॉल काढून ठेवला होता, वर वजन म्हणून ठेवायला जुने हजेरीपट रचले होते. तेवढ्यात सर म्हणाले, "बॉयलर राहिले." डेक बसला की आतलं काही दिसणार नाही, असं आम्ही म्हणालो. "मग जहाज चालायचं कशावर?" सरांनी विचारलं. कागदाच्या चार नळकांड्या वळायचं काम माझ्याकडे आलं. १९७१ मध्ये विक्रांतच्या बॉयलरच्या ड्रमला तडे गेले होते, वेग कमी ठेवावा लागत होता, तरी तिला अंदमानकडे आणि मग बंगालच्या उपसागरात नेलं, असं सर सांगत होते. ४ डिसेंबरला तिच्यावरून उडालेल्या सी हॉक विमानांनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले. सरांनी लाल पेन माझ्या हातात दिलं आणि एका नळकांडीवर केसाएवढी रेघ काढायला लावली. दिव्याजवळ धरून ती नीट पाहिली, आणि मगच डेक चिकटवला.

आज मी कारखान्यांतल्या बॉयलरच्या तपासणीचं काम करतो. ड्रमवर लाल रंगद्रव्य मारायचं, पुसायचं, वर पांढरा फवारा द्यायचा. तडा असेल तर त्यात मुरलेला रंग वर येतो आणि पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. या कामात माझं नाव आहे हे अभिमानाने सांगतो, आणि त्याचं श्रेय पूर्णपणे सरांचं आहे.

खरी विक्रांत मुंबईत काही वर्षं संग्रहालय म्हणून उभी होती. २०१४ मध्ये ती भंगारात गेली, मुंबईतच दारूखान्याला, जहाजं तोडतात तिथे, तोडली गेली. मला अजून वाटतं, एवढा मोठा देश एक जहाज सांभाळू शकला असता. त्या दिवसांत सरांना फोन केला, तर ते एवढंच म्हणाले, "तोडू देत. मापं आहेत माझ्याकडे." आपलं मॉडेलही नव्या इमारतीच्या हलवाहलवीत गेलं. चित्रकलेची खोलीही गेली, आठवड्याचा एकच तास उरला आहे असं ऐकतो. वाईट वाटतं.

नवी विक्रांत २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीला नौदलात आली. ती २६२ मीटर लांब आहे. सरांच्या प्रमाणात ती एक मीटर पाच सेंटिमीटर होईल. सरांनी जुन्या आराखड्याची गुंडाळी द्यायचं कबूल केलं आहे. शाळेने यंदाच्या नववीला दिवाळीनंतरचे रविवार आणि एक मोठं टेबल द्यावं. पुठ्ठा, कार्डशीट, रंग सगळं मी आणतो. आधी जुनी करू, मग नवी.