स्नेक रोडवर बाबांनी वर केलेला हात

बाबा यवतमाळहून दोन महिन्यांसाठी आमच्याकडे सेंट लुईसला आले होते. शिकागो झालं, नायगारा झाला. पण लिहावंसं वाटतंय ते ऑक्टोबरातल्या एका शनिवारबद्दल, इलिनॉयच्या दक्षिण टोकाकडच्या जेमतेम चार किलोमीटरच्या खडीच्या रस्त्याबद्दल.

शॉनी नॅशनल फॉरेस्टमधल्या या रस्त्याला सगळे ‘स्नेक रोड’च म्हणतात. एका अंगाला चुनखडीचे उभे कडे, दुसऱ्या अंगाला लारूची दलदल. उन्हाळाभर साप दलदलीत बेडूक-मासे खाऊन राहतात आणि थंडी पडायच्या आत कड्यांच्या कपारीत शिरतात. वसंतात पुन्हा पाण्याकडे. मधे हा रस्ता. साप गाड्यांखाली चिरडत, म्हणून १९७२ पासून तो वर्षातून दोनदा, साधारण दोन-दोन महिने वाहनांना बंद ठेवतात. पायी जाता येतं, पण सापाला हात लावायचा नाही.

मला पाहायचा होता तो कॉटनमाउथ. हा घोणसाच्या कुळातला, पण पाणथळीत राहणारा विषारी साप. आपल्या चापड्यासारखी याच्याही डोळ्या-नाकपुडीच्या मधे उष्णता ओळखणारी खाच असते. पोहताना बहुतेक वेळा अख्खं अंग पाण्यावर तरंगतं. आधी दिसलं ते पिल्लू, वीतभर, अंगावर तपकिरी पट्टे आणि शेपटीचं टोक गंधकासारखं पिवळं. हे टोक अळीसारखं वळवळवून ते बेडकाला जवळ बोलावतं.

मोठा साप भेटला तो रस्त्याच्या मधोमध. जाडजूड, काळपट. आमच्या पुढच्या माणसानं फोटोसाठी त्याला काठीनं डिवचलं. सापानं वेटोळं घातलं, मान मागे घेतली आणि जबडा पूर्ण उघडला. आत पांढराशुभ्र.

‘‘बोंड फुटलं जसं!’’ बाबा पुटपुटले. चाळीस वर्षं कापूस पिकवलेल्या माणसाला त्या नावाचा अर्थ सांगावा लागला नाही.

साप चावत नव्हता, नुसतं बजावत होता. काठी पुन्हा पुढे गेली तेव्हा मी ओरडले. तो माणूस खांदे उडवून निघून गेला. पहिल्याच वेळी ओरडायला हवं होतं, हे मला अजून लागून राहिलंय. एवढा कायदा, एवढी पाटी, आणि एका फोटोपुढे सगळं मातीमोल!

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘आपल्या विहिरीतला दिवड मीच मारला होता. बिनविषारी आहे हे ठाऊक होतं मला.’’

मी काही बोलले नाही. इथेही कॉटनमाउथ समजून कितीतरी बिनविषारी पाणसाप मारले जातात, हे त्या क्षणी सांगवलं नाही.

तेवढ्यात मागून लहान मुलांचा एक घोळका धावत आला. ‘‘बाबा, मागे या!’’ मी म्हणाले. पण ते सापापासून दहा-बारा पावलांवर रस्त्यात आडवे उभे राहिले आणि त्यांनी हात वर केला. गावाकडे गुरं डांबरी रस्ता ओलांडताना ट्रकपुढे उभे राहतात, तसा. भाषा न येताही पोरं जागच्या जागी थांबली.

सापानं हळूहळू जबडा मिटला. वेटोळं सुटलं. वाळलेल्या पानांवर सळसळ झाली, आणि तो कड्याच्या दिशेनं निघाला. शेपटी कपारीत दिसेनाशी झाली, तेव्हा बाबांनी हात खाली घेतला.