मराठीच शिकवता ना? मग तुम्हाला कसलं ट्रेनिंग?

सोसायटीची लिफ्ट असो, लग्नाची पंगत असो नाहीतर पालकसभा, हा प्रश्न मला गाठतोच. विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. गणिताच्या किंवा कॉम्प्युटरच्या शिक्षकाला सारखं नवीन शिकावं लागत असणार, हे लोकांना पटतं. मराठीत नवीन ते काय? तुम्ही मराठी, घर मराठी, वर एम. ए., बी. एड. मग मे महिन्यात लॅपटॉप उघडून कसल्या वर्गाला बसता? परवा शेजारच्या काकूंनीही तेच विचारलं. काकू, तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट लिहूनच काढते.

वाकडच्या बाजूला एका सीबीएसई शाळेत मी सहावी ते आठवीला मराठी शिकवते. पालक बरेचसे हिंजवडीत आयटीत. घरी मराठी बोलणारी मुलं वर्गात निम्मीही भरत नाहीत. बाकीची तेलुगू, हिंदी, ओडिया, मल्याळम अशी मिळून. 2020च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, पहिली आणि सहावीपासून टप्प्याटप्प्यानं. कायदा आला ते बरंच झालं. पण मराठी घरातल्या मुलांना मराठी शिकवायची आमची जी तयारी होती, तिच्या जोरावर आम्हाला या वर्गांत धाडलं गेलं. तिथं रसग्रहण, कवीचा परिचय, वाक्प्रचारांची यादी यातलं फारसं काही उपयोगी पडत नाही.

एका वहीतलं वाक्य सांगते. ‘आई मला डबा दिली.’ घरी तेलुगू बोलणारा मुलगा. त्याच बाकावरच्या हिंदी घरातल्या मुलीनं लिहिलं होतं, ‘मीने डबा खाल्ला.’ लाल पेननं दोन्ही वाक्यं दुरुस्त करायला दहा सेकंदही लागत नाहीत. पण दोन्ही चुकांचं मूळ वेगवेगळं आहे. तेलुगूत क्रियापद आईच्या मागोमाग चालतं, त्यामुळे मुलाच्या हिशेबानं ‘दिली’ अगदी बरोबर. त्याला दाखवावं लागतं, की आईनं डबा दिला, पोळी दिली, केळं दिलं. आई तीच, बदलतंय ते दिलेल्या वस्तूमुळे. मुलीला हे मुळीच शिकवावं लागत नाही, हिंदीत ते आहेच. तिचा घोटाळा असा, की हिंदीतला ‘ने’ ती ‘मी’लाही चिकटवते, आणि मराठीत मी, तू, आम्ही, तुम्ही यांना तो दिसेल असा लागत नाही. म्हणजे एकच धडा, एकच बाक, आणि औषधं दोन. हे ओळखायला मराठी येणं पुरत नाही. शेजारच्या भाषांची थोडी घडण माहीत असावी लागते. ती मला बी. एड.मध्ये कुणी शिकवली नाही.

एवढं समजावलं, की एखादं चलाख पोर हात वर करतं. “मॅम, मी वही आणली, मग मी वही विसरलो कसं? विसरली का नाही?” शाळेत सगळ्यात जास्त बोललं जाणारं वाक्य हेच, आणि नेमकं तेच नियमात बसत नाही! आणणे, वाचणे, लिहिणे एकीकडे. विसरणे, शिकणे, पिणे दुसरीकडे. मुलगा ‘विसरलो’ म्हणतो, मुलगी ‘विसरले’, वहीला कुणी विचारत नाही. जन्मभर मराठी बोलणाऱ्याला हा प्रश्न पडतच नाही. घरच्या भाषेची हीच गंमत आहे, ती आपल्याला येते पण सांगता येत नाही. माझं मे महिन्यातलं शिक्षण म्हणजे बहुतेक हेच सांगता येणं.

आता तुम्ही म्हणाल, शाळा प्रशिक्षण देतेच की. देते. 2020च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान 50 तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. तास भरतात, प्रमाणपत्रंही येतात. वर्गनियोजन, मूल्यमापन, ताणतणाव, डिजिटल साधनं. सगळं उपयोगाचं, पण सगळ्या विषयांना सारखं. ‘विसरलो’चं काय करायचं, हे त्यात कुठंच नाही.

स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी जर्मनच्या मॅडम बसतात. त्यांच्याकडे ए-वन, ए-टू अशा पायऱ्या, प्रत्येक पायरीला पुस्तक, ऐकायच्या फिती, सरावाची चित्रं. मला त्यांचा चक्क हेवा वाटायचा. मग कळलं, की अमराठी लोकांना मराठी शिकवण्यासाठी तशाच पायऱ्यापायऱ्यांचं साहित्य राज्य मराठी विकास संस्थेच्या मदतीनं तयार झालंय, आणि ते केलंय मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागानं. हसू आलं, पण त्यात नवल काय? परकी भाषा शिकवायचा सराव त्यांनाच. आता मी त्यांच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसते. अर्धा तास व्याकरणाचा एक शब्द न काढता त्या मुलांकडून तीच रचना वीस तऱ्हांनी बोलून घेतात.

रोजच्या बाकीच्या कटकटी थोडक्यात. स्नेहसंमेलन आलं की पहिला बळी मराठीच्या तासाचा. 27 फेब्रुवारीला फलक, सूत्रसंचालन, दिंडी सगळं आमच्याकडे, आणि वर्षभर सूचनांचं भाषांतरही. मोठ्या वर्गांना मध्यंतरी मराठीची नुसती श्रेणी द्यायची असं ठरलं, तेव्हा पालकांनी “मग क्लास नको ना लावायला?” एवढंच विचारलं. पगाराबद्दल लिहीत नाही, काकू, तुम्हाला अंदाज आहे.

तर लॅपटॉपवर चालतं ते असं. वेगवेगळ्या शाळांतल्या आम्ही काही मराठीच्या शिक्षिका, आणि एक सर, आठवड्यातून एकदा ऑनलाइन जमतो. प्रत्येकानं मुलांच्या वहीतलं एक वाक्य आणायचं. ते चूक आहे हे सगळ्यांना दिसतंच. मुलानं ते तसं का लिहिलं, हे सांगायचं. गेल्या खेपेला सगळा वेळ ‘तो पेन’ की ‘ते पेन’ यात गेला आणि निकाल लागला नाही. सर नागपूरचे, आम्ही पुण्याच्या, लागणार कसा! पुढच्या शनिवारी सामान्यरूप आहे: घोडा-घोड्याला, पण राजा-राजाला आणि मामा-मामाला, ते का? ज्या मराठीच्या शिक्षकांना यायचंय त्यांनी मला कळवा. फी नाही. वही मात्र आणा.