गट का मोडलात, ताई?

"अकरा वर्षं चाललेला प्रार्थनागट, इतकी जिव्हाळ्याची माणसं. मोडलात कशाला?" उपासना संपली की कुणी ना कुणी विचारतंच. भांडण झालं नव्हतं आणि पाळकांचा आदेशही नव्हता. कारण होतं आमची प्रार्थनेची वही.

वही माझ्याकडे असायची. गीतं, अभ्यास झाला की मी विनंत्या लिहून घ्यायचे: कुणाची परीक्षा, कुणाचं ऑपरेशन. एक भाऊ दर वेळी म्हणायचे, "गुप्त विनंती." मी लिहायचे, सगळे डोळे मिटायचे, "प्रभू, तुला सर्व ठाऊक आहे" म्हणून आम्ही पुढच्या नावाकडे वळायचो. पुढे पुढे त्यांनी तोंड उघडायच्या आतच मी लिहून मोकळी व्हायचे.

मग ते यायचे थांबले. कामात असतील, असं म्हणत चार आठवडे गेले. पाचव्या आठवड्यात मी वही चाळली. त्यांच्या नावापुढे तेच दोन शब्द, 37 वेळा. शेवटच्या पानांवर तर मी नुसतं "गु. वि." लिहिलं होतं.

त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. सुटलेली दारू पुन्हा सुरू झाली होती. "ताई, गुप्त म्हटलं की सगळे लगेच डोळे मिटायचे. वाटायचं, एकदा तरी कुणी मागे थांबून विचारेल." यावर मी काय बोलावं? "पण गुप्त तर तुम्हीच म्हणत होतात ना!" हे मी दारातच बोलले, आत जाऊन बसायच्याही आधी. माझं चुकलं नव्हतं, असं आजही अधूनमधून वाटतं. तरी त्यांचा तो चेहरा डोळ्यांपुढून जात नाही.

पूर्वी पाळकांनी गटाची वाढ खुंटल्याचं म्हटलं, तेव्हा मीच वाद घातला होता: बी मातीत असतं तेव्हा वाढ दिसते का? ते मला अजूनही पटतं. फक्त आमचं बी मातीत नव्हतं, डब्यात होतं.

मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लींचे वर्ग, म्हणजे विश्वासणाऱ्यांचे छोटे गट, 1742 मध्ये इंग्लंडातल्या ब्रिस्टलला सुरू झाले ते प्रार्थनागृहाचं कर्ज फेडण्यासाठी. साधारण 12 जणांमागे एक पुढारी, माणशी आठवड्याला एक पेनी. पेनी गोळा करायला घरोघर गेल्यावर कोण कसं जगतंय ते पुढाऱ्यांना कळलं, आणि वर्गांचं खरं काम तेच ठरलं. मी अकरा वर्षांत किती उंबरे ओलांडले होते?

म्हणून दोन गट केले. अभ्यास अर्ध्यावर आणला. नंतर तिघातिघांनी बसायचं आणि एकच विचारायचं: या आठवड्यात कुठे अडलात? बायबलमधल्या पत्रात याकोबाने पापं एकमेकांजवळ कबूल करायला सांगितलंय, ते अकराजणांच्या गोलात कुणाला जमणार? चार वर्षांत एकदाही मोठ्याने प्रार्थना न केलेली एक मुलगी आता दुसरा गट चालवते.

पण दोन कुटुंबं सोडून गेली. "ही झडती वाटते," म्हणाली. काही वेळा ती तशी होतेही. एक आजी दर रविवारी मला थांबवतात: "माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण तिकडे का दिलीस गं?" मी त्यांचा हात धरून उभी राहते, उत्तर सापडत नाही.

ते भाऊ परत येऊ लागलेत, दुसऱ्या गटात. माझ्याकडे का नाही, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही.